बिनटपाची

आमच्या आईला वाहनांचं वावडं मुळीच नव्हतं. बैलगाडीत ती बसायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायची, एसटीत उभ्याने मंचरला जाऊन यायची. एकदा तर टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटवर बसून माहेरच्या लग्नाला गेली होती आणि साडीला डाग पडला म्हणून परतीच्या वाटेवर तिने ड्रायव्हरला चांगलं फैलावर घेतलं होतं. वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून तिने निम्मा आंबेगाव आणि जवळजवळ सगळा जुन्नर तालुका पाहिला. ती बसली नाही ती फक्त एका गाडीत, आणि ती गाडी आमची स्वतःची होती, आमच्याच दारात उभी असायची.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. शेतीतलं त्यांना सगळं येत होतं, पण जीव चाकांवर होता. ज्याला चाक आहे आणि जे पळतं, ते त्यांना आवडायचं. नव्वदच्या आसपास, मी चौथीत असताना, जुन्नरजवळ बंगला बांधून राहिलेले एक म्हातारे डॉक्टर मुलाकडे परदेशी कायमचे निघाले. त्यांच्या विहिरीवरची मोटर बिघडली की दादा जाऊन दुरुस्त करून द्यायचे, तेवढीच ओळख. डॉक्टरांच्या शेडमध्ये एक विलायती गाडी होती. लाल, बुटकी, लांब नाकाची, सायकलसारखी तारांची चाकं, दोनच माणसं बसतील एवढी आणि वरून उघडी. डॉक्टर ती विकणार हे कळल्यापासून दादांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी त्यांनी दारची शर्यतीची बैलजोडी विकली.

हे वाक्य आमच्या भागातला माणूस नुसतं वाचून पुढे जाणार नाही. इथे यात्रा आली की बैलगाडे पळतात, घाटात, म्हणजे शर्यतीसाठी आखलेल्या चढाच्या पट्टीवर. ज्याच्या दारात पळणारे बैल, त्याच्या घराचा मान वेगळा. आमची जोडी दोन यात्रांत पहिली आली होती आणि तिचा फोटो आजोबांनी देवघराशेजारी लावला होता. ती जोडी देऊन दादा ही गाडी घेऊन आले. आजोबा ओट्यावरून उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, काठीने टायर टोचून पाहिला आणि म्हणाले, "दोन माणसांची गाडी व्हय? आन् बाकीच्या घरानं काय मागं पळत यायचं?"

कंपनीचं नाव गावात कुणाच्या तोंडात बसेना. टप नाही म्हणून लोक गाडीला ‘बिनटपाची’ म्हणू लागले आणि तेच नाव पडलं. खरं तर तिला कापडी टप होता, पण तो डॉक्टरांच्याच काळात उंदरांनी खाल्ला होता. दादांना त्याचं काही वाटत नव्हतं. पाऊस आला की ते डोक्यावर खताची रिकामी गोणी घ्यायचे आणि गाडी हाकायचे.

गाडी आली त्या दिवशी आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सगळी आळी गोळा झाली होती. दादांनी डावीकडचं दार उघडलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "बस. मारुतीला जाऊन येऊ."

आईने ओट्याकडे पाहिलं. तिथे आजोबा बसलेले. मग तिने जमलेल्या बायकांकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर आणखी पुढे ओढला आणि मला खांद्याला धरून पुढे केलं. "पोरीला न्या," म्हणाली.

मला काय, मी टुणकन उडी मारून बसले. त्या दिवसापासून ती डावी सीट माझी झाली.

आई का बसत नव्हती हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, आणि लहानपणी मी विचारलंही नाही, कारण विचारलं तर जागा जाईल अशी भीती होती. नंतर आपोआप कळलं. मोटरसायकलवर बाई नवऱ्याच्या मागे बसते. बैलगाडीत मागे बसते. जीपमध्ये मागच्या बाकावर पोराबाळांत आणि पिशव्यांत बसते. मागे बसणं रीतीत बसतं. पण ही गाडी अशी की तिला मागे काही नव्हतंच. बसायचं तर नवऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, वर छप्पर नाही, बाजूला काच नाही, सासऱ्यासमोरून, सगळ्या गावातून. आईला ते जमेना. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. आजोबांनी तर नाहीच. पण बस असंही दादांशिवाय कुणी म्हटलं नव्हतं.

दादांनी खूपदा विचारलं. पहिल्या वर्षी येताजाता, मग सणावाराला. तिचा ओझरच्या गणपतीवर फार जीव, म्हणून चतुर्थी आली की त्यांना हुरूप यायचा. "आज तरी चल." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमी व्हा पुढं." आणि मग जे व्हायचं ते मी आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दादा आणि मी बिनटपाचीतून ओझरला जायचो आणि आई एसटीने यायची. आम्ही आधी पोहोचायचो, रांगेत तिची जागा धरायचो. ती नारायणगावला एसटी बदलून, घामाघूम होऊन यायची, आमच्यामध्ये येऊन उभी राहायची, आणि दर्शन झालं की आम्ही तिला पुन्हा एसटीत बसवून द्यायचो. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो दादांना म्हणायचा, "भाऊ, गाडी इका न्हाईतर वहिनींना पास काढून द्या."

दादा हसायचे. पण परतीच्या वाटेवर ते एसटीच्या मागेच गाडी ठेवायचे, ओव्हरटेक करायचे नाहीत. एरवी रस्त्यावर पुढचं काही दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही.

आई गाडीत बसत नव्हती म्हणून गाडीशी तिचा संबंध नव्हता असं मात्र नाही. ती सीटवरून माझ्याशी रोज भांडायची. पाय वर घेऊन बसू नको, भेळ खात बसू नको, कातडं फाटतंय, नखं लावू नको. मी शाळेतून मातीचे पाय घेऊन बसले की ओला फडका घेऊन यायची आणि डावी सीट पुसायची. उजवी दादांची, ती पुसलेली मला आठवत नाही. एका उन्हाळ्यात तिने आपल्या जुन्या साड्यांची एक छोटी गोधडी शिवली, सीटच्या मापाची, कडेला निळी पट्टी. उन्हात कातडं तापतं म्हणून. मला वाटलं, किती जीव आहे हिचा माझ्यावर.

लग्नसराईत बिनटपाचीला भाव यायचा. नवरदेव मारुतीला न्यायचा तो याच गाडीतून, आणि लग्न लागलं की जोडप्याची वरातही तिच्यातूनच. दादा चालवायला, शेजारच्या सीटवर करवली, आणि नवरा-नवरी मागे डिकीच्या पत्र्यावर उंच बसलेले, पाय पुढच्या सीटांच्या मधे. दादांची एकच अट असायची, चपला काढून पाय ठेवायचे. त्या सहा-सात वर्षांत गावात आलेल्या बहुतेक सुना बिनटपाचीतून आल्या. वरात आमच्या दारावरून जायची तेव्हा आई भाकरतुकडा ओवाळून टाकायला बाहेर यायची आणि नवरीकडे बघत राहायची. नंतर घरी आलेली एखादी सून म्हणायचीच, "काकी, सगळं गाव बसलं, तुमीच राहिल्या." आई चहा ठेवायला आत जायची.

मी अकरावीत असताना नारायणगावहून येताना कळंबच्या पुलाच्या अलीकडे इंजिनातून पांढरा धूर आला. मी शेजारी होते. दादांनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. मग एका उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही तिला घरी आणलं. पारगावच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर होता, वाकडी वाट करून आला. आजोबा ओट्यावरच होते. ते टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होते, पण ते फक्त म्हणाले, "बैल दमतं तसं दमलं आसंल. आराम द्या."

आराम फार झाला. सामान मुंबईतही मिळेना. पुढच्या हंगामात बघू, मग त्याच्या पुढच्या. कांद्याच्या बराखीत, म्हणजे हवा खेळावी म्हणून फटी ठेवून बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या लांब खोलीत, एका कोपऱ्यात गाडी ढकलली. एका वर्षी कांदा जास्त झाला, तेव्हा चार पोती बॉनेटवर ठेवली. मग सीटवर ठेवली. मग गाडी दिसेनाशी झाली. आजोबा गेले. माझं लग्न झालं, पारगावला. सगळ्या गावाच्या वराती आमच्या गाडीतून निघाल्या आणि मी भाड्याच्या जीपमधून सासरी गेले. गाडीवर तेव्हा कांदे होते. मला त्याचा राग होता आणि तो बराच काळ टिकला. माझा राग साधारणपणे टिकतोच.

मग आई आजारी पडली. पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं, ते एकदम वाढलं आणि पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. तिला आत नेलं होतं आणि दादा आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. दुपार होती. समोर कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून जेवत होते. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी आई बिनटपाचीत बसलीच न्हाई बघ."

मी म्हटलं, दादा, आता हे काय मधेच.

"बरी होऊन आली, की एकदा ओझरला न्यायची. बिनटपाचीतनं. बैल दिलं, गाडी आणली, समद्या गावाला फिरवलं. जिला फिरवायचं व्हतं ती राहिली." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. दादांना रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या क्षणी मला माझ्या वडिलांबद्दल इतकी माया वाटली, की त्यांनी चंद्रावर न्यायचं म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आई बरी झाली. हळूहळू, पण झाली. आणि आम्ही बराख रिकामी केली.

गाडीची दशा बघवत नव्हती. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, टाकीत गंज, ब्रेकचं रबर विटलेलं, चाकांच्या तारा लाल पडलेल्या. इंजिन तर हँडलने फिरेना. आणि सगळ्याला कांद्याचा वास. कांद्याची टरफलं कुठे कुठे शिरतात हे ज्याला बघायचं असेल त्याने अशी गाडी उघडावी. ती आम्हाला डॅशबोर्डवरच्या घड्याळाच्या काचेआड सापडली.

दर रविवारी मी पारगावहून यायचे. नवरा म्हणायचा, माहेरी लोक लोणची आणायला जातात, तू ग्रीस घेऊन येतेस. मंचरचा एक ट्रॅक्टरचा मिस्त्री दादांनी धरला होता. बोलायला तिखट आणि हाताने उरकता. "समदी इंजिनं एकाच जातीची, ताई," तो म्हणायचा. ते काही खरं नव्हतं, त्याने एक नळी उलटी बसवली होती, पण त्याचा धीर कामाला यायचा. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि झाकून ठेवलं. दादा रोज जाऊन हँडल हळूच दाबून बघायचे, आजाऱ्याची नाडी बघावी तसे. एक दिवस सकाळी त्यांचा मला फोन आला. "हाललं," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

चाकांच्या तारा एका सायकलवाल्या म्हाताऱ्याने एकेक करून आवळल्या. टाकीत बारीक खडी आणि साखळी टाकून आम्ही ती गदागदा हलवली, गंज पडेपर्यंत. पितळी भाग मी चिंचेने घासले, देवघरातली भांडी घासतात तसे. सीटांचं कातडं गेलं होतं. डाव्या सीटवर राहिलेलं रिकामं पोतं उचललं तर खाली ती गोधडी निघाली, उंदरांनी कुरतडलेली, निळी पट्टी तेवढी शाबूत. मी ती फेकायच्या ढिगात टाकली. चहा घेऊन आलेल्या आईने ती ढिगातून उचलली, झटकली आणि घरात नेली.

आई रविवारचा चहा आणायची आणि गाडीकडे बघायची, पण विचारायची काही नाही. दादा मुद्दाम तिला ऐकू जाईल असं बोलायचे. "ओझरपर्यंत जाईल ना रं मिस्त्री?" मिस्त्री म्हणायचा, "काशीला जाईल." आई कप गोळा करून निघून जायची. दादांचा चेहरा पडायचा. गाडी जसजशी उभी राहू लागली तशी त्यांची धास्ती वाढू लागली, हे मला दिसत होतं. गाडी दुरुस्त होत होती. आईचं काय करायचं हे मिस्त्रीलाही सांगता येणार नव्हतं.

सामान मिळवायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरले, तिथून एका जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांपर्यंत पोहोचले. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी ब्रेकची रबरं मिळवून दिली, कार्बोरेटरच्या सुया दिल्या, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. काही बदलू नका. होती तशी करा. एक पत्रा इकडचा तिकडे झाला की गाडी गेली. मला ते मनापासून पटलं. मी घरी येऊन दादांना आणि मिस्त्रीला तेच ऐकवलं. दोघांनी माना डोलावल्या. दोन पुरुष एकदम मान डोलावतात तेव्हा सावध व्हायला हवं होतं.

मुलाला ताप आला म्हणून मी लागोपाठ दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले तर गाडी अंगणात उभी, लालभडक, उन्हात चमकत होती. आणि तिची डिकी कापलेली होती. कापून तिथे एक सीट बसवलेली होती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला जी गादी असते तीच, हिरव्या रेक्झिनची. खाली लोखंडी अँगल वेल्डिंग केलेले. धरायला एक पाइप. आणि बाजूला, चढायला, एक पायरी.

मी तोंड सोडलं. आळीतल्या बायका बाहेर आल्या तरी थांबले नाही. मिस्त्री त्याचं सामान आवरून मोटरसायकलवर बसून गेला, जाताना म्हणाला, "मालकांनी सांगितलं, मी केलं, ताई." मी दादांना विचारलं, कुणासाठी केलंत हे? कोण बसणार आहे इथे?

दादा पायरीवर हात ठेवून उभे होते. "तुझी आई पुढं बसणार न्हाई," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली, न्हाई बसली. तिला मागं बसायची सवय हाय. मागं बसंल."

"आणि एवढी गाडी उभी केली ती तिला मागे बसवायला?"

"आगं, पण बसंल तरी."

मी आणखी ओरडले आणि न जेवता पारगावला निघून आले. डिकी कापायला नको होती, हे माझं मत आजही तेच आहे.

पुण्याचे गृहस्थ गाडी बघायला येणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून मला जावंच लागलं. ते आले. समोरून बघून त्यांनी हात जोडले, इतके खूश झाले. मग मागे गेले. हिरवी गादी बघितली, पाइप बघितला, पायरी बघितली. मग म्हणाले, "पाणी मिळेल का?" आईने त्यांना पाणी दिलं, मग जेवू घातलं. निघताना त्यांनी पायात चप्पल सरकवत विचारलं, "पण का?" दादा म्हणाले, "घरच्यांसाठी केलं." आई तिथेच उभी होती, हातात रिकामा तांब्या घेऊन. तिने दादांकडे पाहिलं, मग अंगणात गेली आणि गाडीच्या मागे उभी राहून ती सीट नीट निरखली. तेवढंच. मला वाटलं, झालं, आता ही मागेही बसणार नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादांचा फोन आला. "उद्या येती का? तू आसलीस तर ती बसंल." मी रागात होते, पण गेले. वडिलांनी असं विचारल्यावर कोण राहणार.

सकाळी गाडी दारात लावली होती. दादा नवं धोतर नेसले होते, नवी टोपी घातली होती. बॉनेटवर झेंडूचा हार. आळीत बातमी गेलेलीच होती, लोक काही ना काही निमित्त काढून दारात उभे होते, कुणी दात घासत, कुणी नुसतेच. दादा पायरीजवळ उभे राहिले. फडक्याने हिरवी गादी पुसत होते, पुसलेलीच पुन्हा.

आई बाहेर आली. हिरवी नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, एका हातात पूजेची पिशवी, दुसऱ्या काखेत काहीतरी घडी करून घेतलेलं.

"ये," दादा म्हणाले. "पायरी केलीय बघ चढायला."

आईने पायरी पाहिली. गादी पाहिली. "हितं कोण बसायचं?"

"तू."

"आन् पुढं?"

दादा माझ्याकडे बघू लागले.

"मी काय कांद्याचं पोतं हाय, मागं टाकायला?" आई म्हणाली. तिने डावीकडचं दार स्वतः उघडलं. काखेतली घडी सोडली. नवीन गोधडी होती, सीटच्या मापाची, आणि कडेला ती जुनी निळी पट्टी काढून लावलेली. तिने ती पुढच्या सीटवर पसरली, चारी कोपरे हाताने सारखे केले, पिशवी पायाशी ठेवली आणि बसली. मग मान वळवून मला म्हणाली, "तू बस मागं. लई वर्षं बसलीस माझ्या जागंवर."

मी पायरीवर पाय ठेवून मागे चढले. मला तेव्हा ओला फडका आठवला, भेळेवरून झालेली भांडणं आठवली, आणि माझ्यासाठी म्हणून शिवलेली ती पहिली गोधडी आठवली. ती जागा तिची होती. आई ती रोज पुसून ठेवत होती.

दादा उजवीकडे बसले, चावी फिरवली, क्लच सोडला आणि गाडी बंद पाडली. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच असं केलं असेल. आळी हसली. दुसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा कांद्याचा वास सुटला, अजून गेला नव्हता. आईने रिकाम्या ओट्याकडे एकदा पाहिलं आणि सवयीने पदर पुढे ओढला. मंचर येईपर्यंत तिने तो दातांत धरला होता. नाशिकच्या रस्त्याला लागलो तसा तो सुटला, उडून माझ्या तोंडावर आला, आणि तिने मागे घेतला नाही.

दादा इतके हळू चालवत होते, की उसाच्या गाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. कळंबच्या पुलावर एसटीने हॉर्न दिला आणि पुढे गेली. खिडकीतून लोक वाकून आईकडे बघत होते. आई सरळ समोर बघत होती.

"आवं," ती म्हणाली, "बैल इकून आणली ना ही?"

"व्हय."

"मग पळवा की."

दादांनी गियर बदलला. मी आईसाठी केलेला पाइप दोन्ही हातांनी धरला.